राजदूत भरीत

जळगावहून धुळ्याला जाताना वाटेत पारोळा लागतं. तिथे एसटी थांबली की निम्मी बस उतरून झुलालच्या भरीत-पुरीच्या दुकानात शिरते. उरलेली निम्मी बसमध्ये बसून चरफडते, पण तिचा इलाज चालत नाही, कारण कंडक्टरही दुकानातच असतो.

दुकानाच्या पाटीवर दोनच पदार्थ आहेत. एक साधं भरीत, म्हणजे आपलं नेहमीचं. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेलं हिरवं वांगं, हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून लाकडी भांड्यात ठेचलेलं, वरून कांद्याची पात आणि शेंगदाणे. दुसरं राजदूत भरीत. यात तेच वांगं असतं, पण मिरचीऐवजी तिळाचं वाटण, लिंबू आणि वरून कच्च्या तेलाची धार. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "राजदूत? ती जुनी फटफटी?" मग झुलाल खांद्यावरच्या पंच्याला हात पुसतो आणि सांगायला लागतो. त्याला सांगायला लावू नये, असं पारोळ्यातली जाणती माणसं म्हणतात. ज्याने ऐकायला घेतलं त्याची बस गेलीच म्हणून समजा.

फटफटीचा घोळ झाला तो झुलालच्या वडिलांमुळे. पुनाआबांनी सगळी हयात अमळनेरच्या एका तेलगिरणीत पोती वाहिली. मुलाने पोती वाहू नयेत एवढंच त्यांना वाटायचं, आणि झुलालनेही ती वाहिली नाहीत. तो धुळ्याच्या एका हॉटेलात कांदे चिरायला लागला, तिथून चुलीपाशी सरकला आणि एका एजंटाच्या ओळखीने थेट कुवेतला पोचला. तिथे लेबनॉन नावाच्या देशाच्या राजदूताला स्वयंपाकी हवा होता. झुलालने गावी फोन लावला आणि अभिमानाने सांगितलं, "आबा, मी राजदूतकडे कामले लागनू!"

आबांनी त्याच संध्याकाळी पेढे वाटले. "मन्हा पोऱ्या राजदूतमा कामले लागना," असं ज्याला त्याला सांगितलं. कुणीतरी विचारलं, "फटफटीनी कंपनी ना ती?" आबा म्हणाले, "मंग दुसरी कोनती?"

त्याचा परिणाम असा झाला की झुलाल पहिल्या सुटीवर आला, तेव्हा दारात फटफट्यांची रांग लागली. कुणाचं इंजिन धूर सोडत होतं, कुणाचा गिअर अडकत होता. झुलालला गॅसच्या शेगडीपलीकडे कुठलंही यंत्र कळत नव्हतं. पण आलेल्या माणसाला नाही म्हणायचं त्याच्या जिवावर येई, म्हणून त्याने एक फटफटी उघडून पाहिली. ती पुन्हा जुळली नाही. मग मात्र त्याने ओट्यावर सगळ्यांना बसवून समजावलं, की राजदूत म्हणजे एका देशाने दुसऱ्या देशात ठेवलेला मोठा माणूस. आबांचा चेहरा पडला. "म्हणजे फटफटी भेटाव नही?" एवढंच त्यांनी विचारलं.

तो मोठा माणूस म्हणजे डॉ. अनीस तर्राफ. अंगाने किरकोळ, डोक्यावर केस बेताचे, चष्मा सतत कपाळावर आणि शोध सगळ्या घरात. हा डॉक्टर इंजेक्शनवाला नव्हे, अर्थशास्त्राचा. बापाचा डोंगरातल्या एका गावात ऑलिव्हचं तेल काढायचा घाणा होता. पोरगा शिकला, अमेरिकेत गेला, तिथल्या कॉलेजात शिकवू लागला, मग जगभरच्या सरकारांना सल्ले देणाऱ्या एका मोठ्या बँकेत वर्षानुवर्षं राहिला. दरम्यान त्याच्या देशात माणसं आपसांत लढून थकली. लढाई थांबल्यावर देशाला आठवण झाली की आपला एक हिशेबी माणूस परदेशात आहे. डॉक्टर बायको-मुलीसह परतला. सरकारने त्याला आधी राजदूत केलं, पुढे मंत्र्यांचा सल्लागार.

मालकाच्या मोठेपणाशी झुलालला काही घेणंदेणं नव्हतं. त्याचं मन बसलं ते एका वासावर. पहिल्याच आठवड्यात डॉक्टर स्वयंपाकघरात आले, तेलाचा डबा उघडून त्यांनी डोळे मिटून वास घेतला. झुलालला क्षणभर आबाच दिसले. गिरणीतून आल्यावर आबांच्या सदऱ्याला असाच वास यायचा. मोडक्या हिंदीत, त्याहून मोडक्या इंग्रजीत आणि बऱ्याचशा हातवाऱ्यांत दोघांनी एकमेकांना सांगितलं, की आपण दोघं तेलवाल्यांची पोरं आहोत. तिथून त्यांचं जमलं.

आणि एका सकाळी तो शब्द जन्माला आला.

डॉक्टर घरात सगळ्यांच्या आधी उठत. बायको झोपलेली, मुलगी दाना शिकायला परदेशी. पहाटे ते मोज्यांतच स्वयंपाकघरात येत. त्या दिवशी येऊन म्हणाले, "फी शी?" अरबीत याचा अर्थ काही आहे का, म्हणजे खायला काही आहे का. झुलालला तेव्हा अरबीचा गंध नव्हता. त्याच्या कानांनी ऐकलं फक्त 'शे', म्हणजे आपल्याकडचं 'आहे'. परक्या मुलखात, पहाटेच्या वेळी, चक्क अहिराणी! त्याच्या अंगावर काटा आला. हातातला झारा तसाच उंचावून तो ओरडला, "शे ना! बठ्ठं शे!"

डॉक्टर दचकले. मग त्यांनी अर्थ विचारला. झुलालने हात फिरवून दाखवलं: पाव आहे, अंडी आहेत, दही आहे, ऑलिव्ह आहेत, चहा आहे, बठ्ठं शे. सगळं आहे. डॉक्टर खुर्चीत बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "झुलाल, आमचं सगळं शास्त्र एका गोष्टीवर उभं आहे. पुरत नाही, यावर. मी जन्मभर मंत्र्यांना हेच सांगत आलो. आणि तू सकाळी सकाळी मला सांगतोस की सगळं आहे!"

त्यानंतर ती रोजची रीतच झाली. डॉक्टर विचारत, "फी शी?" झुलाल उत्तर देई, "बठ्ठं शे!" मग डॉक्टर ते उत्तर स्वतः म्हणून बघत. पण त्यांच्या जिभेला 'ठ' काही वळला नाही. ते म्हणत, "बत्ताशे." झुलाल सांगे, "ठ, ठ! हातोडा मारल्यासारखा." डॉक्टर जोर लावून म्हणत, "बत्ताशे!" एवढा शिकलेला माणूस, जगभर भाषणं करणारा, आणि एका अक्षरापुढे हात टेकत असे. झुलालला याची भारी मजा वाटायची.

पुढे डॉक्टर बैरूतला परतले आणि झुलालला सोबत घेऊन गेले. आता त्यांचं काम म्हणजे, जी माणसं एकमेकांचं तोंड बघत नाहीत त्यांना एका खोलीत बसवणं. तिजोरीत खडखडाट, आणि ती कशी भरावी यावर प्रत्येक पक्षाचं वेगळं तोंड. अशाच एका दुपारी दोन पुढारी जेवायला आले. एक खिडकीकडे तोंड करून बसला, दुसरा भिंतीकडे. डॉक्टरांनी झुलालला वांग्याचा त्यांच्याकडचा प्रकार करायला सांगितला होता, तिळाचं वाटण आणि लिंबू घालून. पण त्या दिवशी झुलालला आबांची फार आठवण येत होती. त्याने स्वतःसाठी म्हणून खानदेशी भरीत ठेचून ठेवलं होतं, बाजारात मिळाल्या त्या सगळ्यात तिखट मिरच्या घालून. गडबडीत टेबलावर तेच गेलं.

दोघा पुढाऱ्यांनी भाकरीएवढ्या पावाचे मोठे तुकडे मोडले आणि भरपूर भरीत उचललं. पुढचं झुलालने दाराच्या फटीतून पाहिलं. दोघांचे चेहरे लालबुंद झाले, दोघांनी एकाच वेळी दह्याच्या वाडग्याकडे हात टाकला आणि वाडगा दोघांच्या हातांत अडकला. कुणीच सोडेना. मग त्यातला थोराड पुढारी नाक पुसत म्हणाला, "आधी तुम्ही घ्या." गेल्या कित्येक महिन्यांत त्या दोघांमधलं ते पहिलं वाक्य होतं. संध्याकाळपर्यंत ते बोलत बसले. झुलालने आत आपलं सामान बांधायला घेतलं होतं. रात्री डॉक्टर आत आले, त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "यापुढे भांडणारे पाहुणे आले की तुझं वांगं."

अशी ती वर्षं गेली. मग ती सकाळ आली.

त्या सकाळी वेगळं काहीच घडलं नाही, हेच झुलालला आजही सहन होत नाही. डॉक्टर मोज्यांत आले. "फी शी?" "बठ्ठं शे." "बत्ताशे!" असं म्हणत हसले, कपाळावरचा चष्मा शोधला, अर्धा पाव हातात घेऊनच गाडीत बसले. थोड्या वेळाने समुद्राकडच्या रस्त्यावरून असा आवाज आला की स्वयंपाकघराच्या काचा झुलालच्या पायाशी पडल्या. कुणीतरी रस्त्यात बॉम्ब ठेवला होता. भांडणाऱ्यांना एकत्र बसवणारा माणूस कुणाला तरी नको होता. तो कुणाला नको होता ते अजून कोर्टालाही ठरवता आलेलं नाही. झुलाल त्या दिवशी लहान मुलासारखा रडला. चुलीवरचा चहा उकळून उकळून आटला तरी त्याने गॅस बंद केला नाही.

तो गावी परतला, पारोळ्यात दुकान टाकलं, आणि पाटी रंगवणाऱ्याला सांगून दुसऱ्या ओळीत लिहून घेतलं: राजदूत भरीत.

यंदा थंडी पडली, भरताची वांगी बाजारात आली आणि एक दिवस झुलालची मुलगी सारिका, जी धुळ्याच्या कॉलेजात शिकवते, फोन हातात घेऊन धावत आली. दानाचा निरोप होता. डॉक्टरांची मुलगी आता स्वतः अर्थशास्त्राची प्राध्यापक. मुंबईला कसल्याशा परिषदेला येणार होती, तिथून झुलालला भेटायला पारोळ्याला येते म्हणाली. शेवटी लिहिलं होतं, 'बाबांच्या शेवटच्या सकाळी घरात फक्त झुलाल जागा होता. मला त्याला काही विचारायचं आहे.'

झुलालने तो निरोप तिच्याकडून दोनदा वाचून घेतला.

ही बातमी ज्याला कळायला नको होती त्यालाच आधी कळली, म्हणजे त्याचा चुलतभाऊ प्रेमराज मास्तर याला. मास्तर शाळेतून निवृत्त झाले, भाषणातून झाले नाहीत. त्यांनी त्याच दिवशी फ्लेक्स करायला टाकला. एका बाजूला डॉक्टरांचा फोटो, दुसऱ्या बाजूला गॉगल घातलेला झुलाल आणि मधोमध, सगळ्यात मोठा, हात जोडलेला प्रेमराज मास्तर. छापणाऱ्याच्या कृपेने डॉक्टरांच्या नावाखाली कंसात 'लेबनॉन'ऐवजी 'लेमन' असं उमटलं होतं. सारिकाने ते दाखवलं तेव्हा मास्तर म्हणाले, "देश छोटा आहे, चालून जाईल."

"बरं, ते सोड," मास्तरांनी झुलालला कोपऱ्यात घेतलं. "ती विचारणार, वडील शेवटी काय म्हणाले. तू काय सांगणार?"

झुलालने खरं ते सांगितलं.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "असं नसतं रे! एवढा मोठा माणूस! जाता जाता देशाबद्दल काही बोलला असेल, शांततेबद्दल काही... मी लिहून देतो. 'झुलाल, माझ्या देशाला जप.' बघ, कसं ऐकायला बरं वाटतं!"

झुलाल परत कांदे चिरायला बसला. त्याला ते पटलं नाही, पण सोडवतही नव्हतं. पोरगी सात समुद्र ओलांडून येणार, आणि तिला काय सांगायचं? तुझा बाप शेवटी माझ्याशी न्याहरीची थट्टा करून गेला म्हणून? वर्तमानपत्रांनी ज्याच्यावर पानंच्या पानं लिहिली, त्याचा शेवटचा शब्द एका स्वयंपाक्याला वेडावून दाखवण्यात गेला म्हणून? तिचं मन मोडलं तर? तो रात्रभर कूस बदलत राहिला. सकाळी बायकोला, सुंदरबाईला, त्याने विचारलं. ती वांग्यांना तेलाचं बोट लावत होती. मान वर न करता म्हणाली, "जे व्हतं ते सांगी द्या. बाप तिना शे, तुम्हना नही."

दाना आली ती जळगाव स्टेशनवरून, एसटीत सारिकाच्या शेजारी बसून. उंच, केस कापलेले, आणि चष्मा थेट कपाळावर! तो बघूनच झुलाल दोन पावलं पुढे आला. तिने वाकून त्याचा हात दोन्ही हातांत धरला. मास्तरांनी हार घातला, भाषणाची सुरुवात केली, पण सुंदरबाईने मध्येच "बसा ना माय" म्हणून पाहुणीला बाकावर बसवलं आणि भाषण संपलं. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एक बस तर ड्रायव्हरसकट रिकामी उभी होती, कारण ड्रायव्हरलाही बघायचं होतं.

दानाने आधी राजदूत भरीत खाल्लं. दोन घास खाऊन ती थांबली, पुन्हा खाल्लं. मग इंग्रजीत बोलू लागली आणि सारिका सांगू लागली.

"ती म्हणते, त्या सकाळी मी परदेशातून बाबांना फोन केला. ते गाडीत होते. मी विचारलं, फी शी? म्हणजे काही आहे का, काही नवीन? ते एकच शब्द बोलले आणि हसले. मग फोन तुटला. तो शब्द मला कळला नाही. आईला माहीत नाही. तपास करणाऱ्यांना वाटलं, काहीतरी खुणेचा शब्द असेल. मी तुर्की जाणणाऱ्यांना विचारलं, आर्मेनियन, कुर्दी सगळ्यांना विचारलं. कुणालाच माहीत नाही. मग वाटलं, घरात त्यांच्याशी रोज पहाटे बोलणारा एकच माणूस होता."

"कोणता शब्द?" मास्तर पुढे सरसावले.

दानाने झुलालकडे बघितलं आणि जपून, एकेक अक्षर सांभाळत म्हणाली, "बत्ताशे."

मास्तरांचा चेहरा उजळला. "बत्तासे! अरे, पोरीला बत्तासे पाहिजेत! थांबा!" आणि स्वतः धोतर सावरत समोरच्या किराणा दुकानाकडे पळाले.

झुलाल मात्र जागचा हलला नाही. त्याने पंचा तोंडावर दाबून धरला होता. सारिका घाबरून म्हणाली, "अप्पा?"

"बत्तासे नही व माय," झुलाल कसाबसा बोलला. "बठ्ठं शे. बठ्ठं शे म्हनी ऱ्हायनी ती."

आणि तिथे जमलेल्या झाडून सगळ्यांना तो शब्द कळला. जगातल्या कुठल्याही पंडिताला न कळलेला शब्द भांडी घासणाऱ्या शेवंताबाईला कळला, कंडक्टरला कळला, वेळेत धुळ्याला पोचायची घाई असलेल्या सगळ्या बसला कळला. चुलीपाशी असलेल्या सुंदरबाईला आधीचं काहीच ऐकू गेलं नव्हतं. तिला वाटलं, पाहुणी काही विचारतेय. ती तिथूनच मोठ्याने म्हणाली, "हा माय, बठ्ठं शे! भरीत शे, पुरी शे, कांदा शे, काय वाढू?"

सारिकाने रडत रडत अर्थ सांगितला. सगळं आहे. काही कमी नाही. झुलालने पहाटेची रीत सांगितली, मोजे सांगितले, पुरत नाही म्हणणारं शास्त्र सांगितलं, न वळलेला 'ठ' सांगितला. एक अक्षरही वाढवून सांगितलं नाही. दाना तोंड झाकून रडत होती आणि त्यातच हसत होती. इतकी वर्षं तिला वाटत होतं की बाबा शेवटी काहीतरी महत्त्वाचं सांगून गेले आणि आपल्याला ते समजलं नाही. ते तर तिच्या साध्या प्रश्नाचं साधं उत्तर होतं.

एवढ्यात मास्तर बत्ताशांची पुडी घेऊन आले. त्यांना कुणीतरी कानात सगळं सांगितलं. ते थोडा वेळ पुडीकडे बघत राहिले, मग गुपचूप बाहेर जाऊन त्यांनी स्वतःच फ्लेक्सची दोरी सोडली. आणलेले बत्तासे मात्र वाया गेले नाहीत. सगळ्या दुकानात आणि सगळ्या बसमध्ये वाटले गेले, आणि त्या दिवशी कुणीही चरफडलं नाही.

दाना संध्याकाळपर्यंत सुंदरबाईजवळ चुलीपाशी बसली. वांगी सोलायला शिकली, आणि 'ठ' शिकली. सुंदरबाई काही मास्तरीण नव्हे. तिने सरळ मुसळ उचललं, वांग्यावर मारलं आणि म्हणाली, "ठ!" दाना म्हणाली, "त." पुन्हा मुसळ. "ठ!" असं किती वांग्यांचं भरीत झालं कोण जाणे. त्या दिवशीचं गिऱ्हाईक खूश होतं.

निघायच्या आधी दानाने बैरूतला आईला व्हिडिओ फोन लावला. पांढऱ्या केसांची म्हातारी पडद्यावर दिसली. झुलालने हात जोडले. म्हातारीने लेकीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे काळजीने बघितलं आणि विचारलं, "फी शी?"

झुलालने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मग पंचा तोंडावर धरून त्याने दानाकडे हात केला. दानाने त्याच्याकडे बघितलं, सुंदरबाईच्या मुसळाकडे बघितलं आणि हातोडा मारल्यासारखा 'ठ' मारून आईला म्हणाली, "बठ्ठं शे!"